जुनी मोटरहोम रंगवायची तर: फोटोपासून चित्रापर्यंत, चित्रापासून पत्र्यापर्यंत

सोलापुरात जेकार्ड चादरीचं डिझाइन मागावर चढण्याआधी ग्राफच्या कागदावर चढतं. एकेक चौकोन भरत जायचा. चौकोन म्हणजे ताण्या-बाण्याचा एक छेद. ग्राफ काढणाऱ्याला आधी विचारावं लागतं की मागाला हुक, म्हणजे ताण्याचे धागे उचलणारे आकडे, किती आणि धागा किती जाड. मोर कितीही देखणा काढला आणि तो हुकांच्या हिशेबात बसला नाही, तर कापडावर त्याची मान मोडते. जुन्या मोटरहोमसाठी, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीसाठी, डिझाइन करायला बसलो की मला तो ग्राफचा कागद आठवतो. गाडीचे हुक म्हणजे तिचे जोड, रिव्हेट, दारांच्या फटी, खिडक्यांची रबरं आणि पत्र्याला कारखान्यातच पडलेली कड. त्यांना विचारून काढलेला पट्टा गाडीच्या अंगचा वाटतो. न विचारता काढलेला वरून चिकटवल्यासारखा दिसतो, मग रंग कितीही भारी वापरा.

या लेखात दोन कामं एकत्र घेतली आहेत: गाडीचं डिजिटल चित्र, जे फ्रेम करून भिंतीवर लावता येतं, आणि प्रत्यक्ष गाडीवर मारायच्या रंगाचा आराखडा. दोन्हींचा पाया एकच रेखाचित्र आहे, म्हणून ते एकदाच आणि नीट काढायचं.

आधी गाडी वाचा

परदेशातल्या जुन्या मोटरहोम पाहिल्यात तर प्रत्येकीच्या रंगामागचा विचार दिसतो. फोक्सवॅगनच्या १९५० ते १९६७ च्या पहिल्या पिढीच्या व्हॅनवर दोन रंग जिथे भेटतात, ती रेघ कुणी मनानं ओढलेली नाही. पत्र्यातच दाबलेली कड आहे, ती नाकावर येऊन इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाली उतरते आणि रंग तिच्याच काठानं थांबतो. विनेबागोच्या गाड्या उभ्या सपाट भिंतीच्या, खोक्यासारख्या. त्यांच्या कुशीवरचा उडता डब्ल्यू त्या सपाट भिंतीमुळेच शोभतो. जीएमसीची १९७३ ते १९७८ या काळातली मोटरहोम २३ आणि २६ फुटांची, पुढच्या चाकांना ताकद देणारी, म्हणून खाली बसलेली आणि लांबोडकी. तिच्यावर आडवे, निमुळते होत जाणारे पट्टे खुलतात. उभा आकार दिला की तिचा सगळा वेग जातो.

आपल्याकडे या नावाखाली बहुधा मॅटाडोर, जुनी मिनीबस किंवा सुरुवातीची टेम्पो ट्रॅव्हलर येते, आत पलंग, ओटा आणि पाण्याची टाकी बसवलेली. पुण्याजवळच्या आकुर्डीत बनलेल्या मॅटाडोरचं नाक आखूड, भिंती जवळजवळ उभ्या आणि खिडक्यांखाली बरीच मोकळी जागा. डिझाइन करणाऱ्यासाठी ही मोठीच सोय आहे. राज्यानं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणल्यापासून अशा गाड्यांविषयी विचारणारे वाढले आहेत, निदान माझ्याकडे तरी. गाडी समोर उभी राहिली की पहिला अर्धा तास काही काढू नका. भोवती फिरा आणि अंगावरून हात फिरवा. कड कुठे सुरू होते, कुठे विरते, कुठला दरवाजा नंतर बदललाय, कुठे लांबी (पुट्टी) भरलेली आहे, हे डोळ्यांआधी हाताला कळतं.

फोटो आणि मापं: इथेच काम जिंकतं किंवा हरतं

माझ्या पहिल्या मॅटाडोरचा फोटो मी आठ-दहा फुटांवरून, मोबाइलच्या साध्या कॅमेऱ्यानं काढला होता. त्यावर दोन रात्री बसून पट्टा काढला. पडद्यावर तो सुरेख होता. गाडीवर टेप लावायला घेतली तेव्हा मागच्या दाराशी पट्टा चार इंच खाली आला. टेप धरून बसलेल्या म्हाताऱ्या पेंटरनं फोटो पाहिला आणि गाडी पाहिली.

"कॉम्प्युटरात सरळ हाय बाळा, पण ही गाडी कुठं सरळ हाय? मागून बसलीय बघ."

"म्हणजे चाचा, लेव्हल लावून चालणार नाही?"

"लेव्हल घराला लाव. गाडीला खिडकीची कड धर."

या बोलण्यात दोन धडे होते. जवळून काढलेल्या फोटोत गाडीचा मधला भाग फुगतो आणि टोकं आखडतात. म्हणून सहा मीटरच्या गाडीपासून निदान पंधरा-वीस मीटर लांब उभं राहा आणि दोनपट किंवा तीनपट झूम वापरा. कॅमेरा गाडीच्या निम्म्या उंचीवर आणि तिच्या बरोबर मध्यावर हवा. गल्लीत हे जमत नाही. रविवारी सकाळी एखादं मोकळं मैदान किंवा मंगल कार्यालयाचं आवार शोधा. ऊन चढलेलं नको. पत्र्यावर झळाळी आली की कड दिसेनाशी होते. सूर्योदयाआधीचा किंवा ढगाळ उजेड उत्तम. दोन्ही कुशी, पुढचं आणि मागचं तोंड असे चार सरळ फोटो घ्या, जमलं तर छपराचाही.

दुसरा धडा मापांचा. जुन्या गाडीच्या स्प्रिंगा थकलेल्या असतात, त्यामुळे जमीन हा आधार धरता येत नाही. खिडक्यांच्या खालची कड ही तुमची शून्य रेषा. प्रत्येक माप तिच्यापासून वर किंवा खाली घ्या: चाकाची कमान किती खाली, दाराची मूठ कुठे, डिझेलच्या टाकीचं झाकण कुठे. दोन चाकांच्या मध्यबिंदूंतलं अंतर नीट मोजून कागदावर मोठ्या आकड्यात लिहून ठेवा, पुढचं सगळं प्रमाण त्यावरून बसतं. एका बाजूचं माप दुसऱ्या बाजूला लागू होईल असं समजू नका. दार एकाच बाजूला असतं, आणि जुन्या गाडीच्या दोन कुशी क्वचितच सारख्या निघतात.

रेखाचित्र

सॉफ्टवेअरवरून फार वाद घालण्यात अर्थ नाही. पट्ट्यांच्या आराखड्याला व्हेक्टर हवंच, म्हणजे आकार कितीही मोठा केला तरी कड फाटत नाही. फुकटात इंकस्केप आहे, पैसे मोजायचे तर इलस्ट्रेटर आहे. रंगवलेल्या चित्रासाठी क्रिटा किंवा आयपॅडवरचं प्रोक्रिएट पुरतं.

कॅनव्हास एकास दहा प्रमाणात घ्या. सहा मीटरची गाडी ६० सेंटिमीटरची होते आणि चित्रातला एक मिलिमीटर म्हणजे गाडीवरचा एक सेंटिमीटर. तोंडी हिशेब करता येतो आणि गॅरेजमध्ये चुकत नाही. फोटो आत आणा. तो इतका फिरवा की खिडकीची कड आडवी होईल, मग चाकांमधलं अंतर तुमच्या मापाच्या दशांशाइतकं होईपर्यंत लहान-मोठा करा. आता दाराची रुंदी चित्रात मोजा आणि वहीतल्या आकड्याशी ताडून पाहा. फरक दिसला तर फोटोला दोष द्या आणि माप खरं धरा.

त्यानंतर फोटोवरून गाडी गिरवायची. प्रत्येक पत्रा, म्हणजे दार, कूस, कमान, बंपर, वेगळा बंद आकार म्हणून काढा आणि त्याला नाव द्या. हे कंटाळवाणं काम आहे, टाळू नका. पुढे पट्टा एकच सलग काढून तो या आकारांत कापून बसवता येतो, आणि कुठला रंग किती पत्र्यावर जाणार तेही कळतं. रिव्हेट, बिजागऱ्या, रबरं आणि दिवे यांचा वेगळा थर ठेवा. हा तुमचा ग्राफ.

भिंतीवरचं चित्र

फ्रेमसाठी चित्र करायचं असेल तर हेच रेखाचित्र ए३ आकारात, ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके), म्हणजे ४९६१ बाय ३५०८ पिक्सेलवर न्या. खाली सपाट रंग, त्यावर सावलीचा थर मल्टिप्लाय मोडवर (खालचा रंग गडद करतो), त्यावर उजेडाचा थर स्क्रीन मोडवर (फिकट करतो). सावली काळ्या रंगानं देऊ नका, चित्र मळकट होतं. क्रीम रंगाच्या गाडीला तपकिरी-जांभळट सावली द्या, निळ्या गाडीला गडद निळी.

चाकावरची क्रोमची वाटी नीट काढता आली की निम्मं चित्र जमलं. क्रोमला स्वतःचा रंग नसतो. वाटीच्या वरच्या अर्ध्यात आकाश असतं, वर गडद आणि खाली फिकट होत जाणारं. मधे क्षितिजाची एक बारीक, जवळजवळ काळी रेघ. त्याखाली जमीन. हैदराबाद रस्त्याला काळ्या रानाशेजारी गाडी उभी असेल तर ती जमीन करडी-काळी, मुरमाच्या माळावर असेल तर तांबूस. ती रेघ धारदार ठेवा आणि दोन्हीकडचे रंग मऊ. करड्या रंगाचा एक फिकट-गडद पट्टा ओढला तर ते क्रोम होत नाही, ॲल्युमिनियमचं भांडं होतं. काचेचंही तसंच. काच निळी भरू नका. आत पडद्याचा, सीटच्या पाठीचा अंदाज द्या आणि त्यावर आकाशाची एक तिरकी फिकट पट्टी ठेवा.

माणसं आपल्या गाडीचं चित्र घेतात तेव्हा तिच्यावरचा पोचासुद्धा ओळखतात. त्यामुळे छपरावरचं कॅरिअर, वाकलेली शिडी, मागच्या काचेवरचं देवाचं नाव, हे काढून गाडी नवी करू नका.

पट्टा कुठून काढायचा

आता रंगाचा आराखडा. मी तीन रंगांपलीकडे जात नाही: अंगाचा एक, मुख्य पट्ट्याचा एक आणि बारीक रेघेचा एक. चौथा रंग आला की गाडी जाहिरातीची वाटू लागते.

पट्ट्याची वरची धार शून्य रेषेला समांतर ठेवा. खालच्या धारेला मोकळीक द्या, ती निमुळती होऊ दे, कमानीवर चढू दे, मागे जाऊन उचलली जाऊ दे. दोन्ही धारा एकाच वेळी वळल्या तर डोळ्याला कुठे टेकायचं कळत नाही. पट्टे अनेक असतील तर रुंदी सारखी ठेवू नका. १२, ६ आणि २ सेंटिमीटर, मधे दोनदोन सेंटिमीटरची मोकळी जागा, अशा उतरत्या मापात गती दिसते.

सगळ्यात महत्त्वाचा नियम जोडांचा. दोन रंगांची सीमा एक तर बरोबर जोडावर घ्या, नाहीतर जोडापासून निदान पाच सेंटिमीटर दूर. अर्ध्या इंचानं हुकलेली सीमा पंचवीस पावलांवरूनही चूक म्हणूनच दिसते. रिव्हेटच्या ओळीवरून सीमा कधीच नेऊ नका. तिथे टेप बसत नाही, रंग खाली शिरतो आणि प्रत्येक रिव्हेटपाशी कड दातरी होते. दाराच्या फटीतून पट्टा जाणार असेल तर दाराच्या जाडीतही तो आत वळवून रंगवा, म्हणजे दार उघडल्यावर जुना रंग डोकावत नाही.

रंग निवडताना

सत्तरच्या दशकातल्या गाड्यांचा मोहरी, तपकिरी, विटकरी आणि क्रीमचा मेळ सगळ्यांना माहीत आहे. मला मात्र चादरीच्या घडीतून रंग उचलायला आवडतात. सोलापुरी चादरीत मोजकेच रंग घट्ट विणीत शेजारी बसतात आणि लांबून त्यांचा एकच दाट रंग होतो. घडी दारात उन्हात ठेवा आणि वीस पावलं मागे जा. जे दोन रंग अजून वेगळे दिसतात, ते गाडीवरही वेगळे दिसतील. जे एकमेकांत विरघळले, ते पट्टा आणि अंग म्हणून घेऊ नका.

छप्पर पांढरं किंवा क्रीमच ठेवा. एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४० च्या वर जातो आणि गडद छपराखाली दुपारी बसवत नाही. फायबरचं छप्पर असेल तर गडद रंग जास्त तापतो, फायबर फुगतं-आक्रसतं आणि भेगा लवकर येतात. आणखी एक गोष्ट बरेच जण विसरतात: केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १२१ प्रमाणे लष्कराच्या गाड्यांखेरीज कुणालाही ऑलिव्ह ग्रीन देता येत नाही. जंगलात फिरायची गाडी म्हणून तोच रंग मागणारे येतात. त्यांना शेवाळी करडा किंवा गडद बाटली-हिरवा सुचवा.

पडद्यावरच्या रंगावर विसंबू नका. पडदा उजेड सोडतो, रंग उजेड परतवतो. डिझाइनमध्ये रंगाचा शेड कार्डवरचा नंबर लिहा आणि तो रंग सहा इंची पत्र्याच्या तुकड्यावर अस्तरासकट (प्रायमरसकट) मारून घ्या. तो तुकडा सकाळी आठला, दुपारी एकला आणि रात्री ट्यूबलाइटखाली पाहा. एक विटकरी रंग मी असाच वाचवला. दुकानात तो तांबूस होता, उन्हात चक्क गुलाबी झाला.

नाव देवनागरीत

गाडीवर नाव घालायचं असेल तर देवनागरीला शिरोरेषा आहे, तिचा उपयोग करा. सगळ्यात बारीक रेघ पुढच्या दारापासून येऊ द्या, नावाची शिरोरेषा होऊन जाऊ द्या आणि तशीच मागच्या दिव्यापर्यंत नेऊन सोडा. असं नाव वेगळं चिकटवलेलं राहत नाही, पट्ट्यातूनच लोंबतं. त्यासाठी रेघेच्या वर अक्षराच्या उंचीच्या निदान तिसऱ्या हिश्शाइतकी जागा वेलांट्या-मात्रांना मोकळी ठेवा. काना दाराच्या फटीवर येऊ देऊ नका, तो दिसेनासा होतो आणि शब्दच बदलतो. फॉन्ट घेतला तरी तो आकारात बदलून हातानं दुरुस्त करा. तयार फॉन्टमध्ये शिरोरेषेची जाडी तुमच्या रेघेच्या जाडीशी जुळणार नाही.

कागदपत्रं

आरसीवर गाडीचा रंग लिहिलेला असतो. मुख्य रंग बदलणार असाल तर काम सुरू करण्याआधी आरटीओत चौकशी करून नोंद करून घ्या. सोलापूरची एमएच-१३ ची गाडी असेल तर इथेच. कर्ज असेल तर बँकेला आणि विमा कंपनीलाही कळवा. आतली रचना बदलणं हा मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मधला वेगळा विषय, तो रंगाशी मिसळू नका. नंबर प्लेट, दिवे आणि रिफ्लेक्टर यांच्यावर डिझाइन येता कामा नये.

पत्र्यावर

गड्ड्याच्या यात्रेच्या आसपासचे, म्हणजे डिसेंबर-जानेवारीचे दिवस रंगाला सगळ्यात चांगले. उन्हाळ्यातच करायचं तर पहाटे सहाला स्प्रे गन हातात घ्या, सावकाश वाळणारं थिनर आणि हार्डनर मागा, जमिनीवर पाणी मारून धूळ बसवा. तापलेल्या पत्र्यावर रंग पोहोचायच्या आत वाळतो आणि संत्र्याच्या सालीसारखा खरखरीत बसतो. पावसाळ्यात दमट हवेमुळे त्यावर पांढुरकी साय येते.

तयारी थोडक्यात सांगतो, ती डेंटिंगवाल्याला माहीत असते. उघडा लोखंडी पत्रा असेल तर इपॉक्सी अस्तर. ॲल्युमिनियम घासल्यावर ताटकळत ठेवायचं नाही, त्याच दिवशी अस्तर. फायबरवरच्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगांवर नुसती लांबी फासू नका. त्या घासून उघडा, मग भरा, नाहीतर सहा महिन्यांत परत दिसतात. फार जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून तो कोरडा न घासता पाण्यानं घासा. आणि दोन घटकांच्या पीयू (पॉलियुरेथेन) रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात, ते फुफ्फुसाला कायमचं दुखावतात. रुमाल किंवा कापडी मास्क त्याला अडवत नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क आणि तशी जागा ज्या गॅरेजमध्ये आहे तिथेच हे काम द्या, घराच्या अंगणात करू नका. दोनशे-चारशे रुपये वाचवण्यासाठी पेंटरचा श्वास गहाण टाकू नये.

अंगाचा रंग पूर्ण वाळला की पट्ट्याची जागा ८०० ते १००० नंबरच्या पॉलिश पेपरनं पाण्यासोबत घासून चमक घालवा. चकचकीत रंगावर दुसरा रंग धरत नाही.

आता डिझाइन उतरवणं. सरळ धारांसाठी शून्य रेषेपासून दर अर्ध्या मीटरवर माप घेऊन खडूची खूण करा. टेपचं एक टोक चिकटवा, रीळ हातभर पुढे ताणून धरा, एक डोळा मिटून धारेवरून पाहा आणि एका दमात बसवा. इंचाइंचानं दाबत गेलात तर टेप सापासारखी वळते. वळणांसाठी ३ मिलिमीटरची बारीक टेप असते, ती न सुरकुतता वळते.

नाव किंवा गुंतागुंतीचा आकार खाक्यानं उतरवा. डिझाइन एकास एक मापात जाड कागदावर छापून घ्या. फ्लेक्सवर नको, उन्हात तो ताणतो. कागद चौघडी केलेल्या जुन्या चादरीवर पसरा आणि रेघेवरून सुईनं तीन-चार मिलिमीटरवर भोकं पाडा. मलमलच्या पुरचुंडीत फिकट गाडीसाठी गेरू, गडद गाडीसाठी खडूची पूड बांधा. कागद गाडीवर चिकटवून पुरचुंडी थोपटत जा. कागद काढला की ठिपक्यांची रांगोळी उरते. त्यावरून टेप लावा आणि पूड स्वच्छ पुसा, राहिलेल्या कणावर रंग सुटतो.

फवारण्याआधी वीस पावलं मागे जा आणि गाडी पाहा. दोन्ही टोकांना भिंत आत वळत असेल तर सरळ पट्टा टोकांशी खाली झुकल्यासारखा दिसतो. तिथे आकडा विसरून टेप एक-दोन सूत वर घ्या, डोळ्याला सरळ वाटेपर्यंत. मग टेपच्या कडेवर अंगाच्याच रंगाचा एक हलका हात मारा. टेपखाली जे शिरायचं ते तोच रंग शिरतो आणि धार बंद होते. त्यानंतर पट्ट्याचा रंग, आधी फिकट, मग गडद. एकच जाड हात मारला तर ओघळ येतात, दोन-तीन पातळ हात द्या. शेवटचा हात थोडा सुकला पण कडक झाला नाही, अशा वेळी टेप स्वतःवरच उलटी दुमडत, तिरक्या कोनात, हळू ओढा. पूर्ण वाळू दिलीत तर धारेचे टवके निघतात. सगळे रंग झाले की डब्यावरच्या मुदतीत सबंध गाडीवर क्लिअरचे, म्हणजे पारदर्शक थराचे, दोन हात द्या.

रंग किती आणायचा, तेही चित्रातूनच काढा. इंकस्केपमध्ये आकाराचं क्षेत्रफळ मोजता येतं. एकास दहा प्रमाणात ते शंभरानं गुणायचं. सहा मीटर लांब आणि २० सेंटिमीटर रुंद पट्टा एका बाजूला १.२ चौरस मीटर, दोन्ही बाजू मिळून २.४. इतक्या कामाला चार लिटरचा डबा लागत नाही. डब्यावरची पसरण पाहा, किती हात ते गुणा, आणि गनमधून हवेत उडणाऱ्या रंगासाठी वर एक तृतीयांश धरा.

प्रत्येक रंगाचे शंभर मिलिलिटर, हार्डनर न मिसळलेले, छोट्या घट्ट बाटलीत भरून त्यावर शेड नंबर आणि तारीख लिहा. आराखड्याची एक प्रत, शून्य रेषेपासूनच्या सगळ्या मापांसकट, प्लॅस्टिकमध्ये घालून ओट्याखालच्या कप्प्यात ठेवा. अकलूजच्या एका गाडीचं मागचं दार दोन वर्षांनी ठोकरलं गेलं. तेव्हा पट्टा पुन्हा जुळवायला मला गाडी पाहायलाही जावं लागलं नाही. तिथल्या पेंटरनं कप्प्यातला कागद काढला, खिडकीच्या कडेपासून मापं घेतली आणि संध्याकाळपर्यंत दार जुळलं.